जांभळ्या पट्टीला इन्शुलिन दिसत नाही

फॉरवर्ड होऊन होऊन गुळगुळीत झालेला एक संदेश पुन्हा फिरतोय: "उपवासात शरीर किती इन्शुलिन सोडतंय ते घरच्या घरी मोजा. सोळा तासांनी लघवीत कीटोनची पट्टी बुडवा. जांभळी झाली की इन्शुलिन शून्य. फिकी राहिली तर उपवास वाढवा. ही साधी चाचणी डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत."

पहिला दावा, पट्टी इन्शुलिन मोजते. नाही मोजत. तिच्या टोकाच्या चौकोनात नायट्रोप्रुसाइड नावाचं रसायन असतं. लघवीतल्या अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट या कीटोनशी त्याची क्रिया झाली की जांभळा रंग येतो. इन्शुलिन कमी झालं की चरबी सुटते आणि यकृत तिचे कीटोन बनवतं, संबंध काय तो एवढाच. त्यातही उपाशी शरीरात सर्वांत जास्त असणारा बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा कीटोन तिला दिसतच नाही.

बरं, खुद्द इन्शुलिन मोजणारी पट्टी कुणी काढली तरी तिच्या हाती फारसं लागायचं नाही. स्वादुपिंडातून निघालेलं इन्शुलिन आधी यकृतात जातं आणि सुमारे निम्मं तिथेच संपतं. उरलेलं रक्तात जेमतेम पाच मिनिटांत अर्ध्यावर येतं. मूत्रपिंडात ते गाळलं जातं खरं, पण तिथल्या नलिका ते परत शोषून तोडून टाकतात. गाळलेल्यापैकी लघवीत उतरतं ते एक टक्क्याहूनही कमी.

"जांभळी म्हणजे शून्य" हे वाक्य मात्र नुसतं चूक नाही, घातक आहे. उपवासात इन्शुलिन कमी होतं, बंद होत नाही. दिवसभरातल्या इन्शुलिनपैकी साधारण निम्मं जेवणाखाणाशी संबंध न ठेवता रात्रंदिवस थोडंथोडं सुटत असतं. ते खरोखर शून्यावर आलं तर काय होतं, हे टाइप १ मधुमेह असलेल्यांना विचारा. कीटोअ‍ॅसिडोसिस होतो, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होतं; वेळेत उपचार न मिळाल्यास जीव जातो. गडद जांभळी पट्टी दिसली की ते घाबरतात. इथे त्याच रंगाला शाबासकी! एसजीएलटी-२ गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही हे होऊ शकतं. त्यांनी रंग गडद व्हावा म्हणून उपवास लांबवायचा?

आणि फिकी पट्टी? सकाळच्या पहिल्या दाट लघवीत बुडवून बघा, मग दोन मोठे पेले पाणी पिऊन तासा-दीड तासाने पुन्हा बघा. रंग उतरलेला असेल. इन्शुलिन तेवढंच असेल, लघवी पातळ झाली.

राहिली डॉक्टरांची लपवालपवी. यातली गंमत अशी की लघवीवरून इन्शुलिनच्या निर्मितीचा अंदाज खरोखरच घेता येतो. १९६७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ डोनाल्ड स्टायनर यांनी प्रोइन्शुलिन शोधलं: ८६ अमिनो आम्लांची एक साखळी. स्वादुपिंडात ती कापली गेली की ५१ आम्लांचं इन्शुलिन आणि ३१ आम्लांचा सी-पेप्टाइड नावाचा तुकडा वेगळे होतात. इन्शुलिनचे जितके रेणू, तितकेच याचे. यकृत याच्या वाटेला फारसं जात नाही आणि थोडा भाग लघवीत शाबूत उतरतो. प्रयोगशाळेत तो मोजतात. लघवी दाट की पातळ हा घोळ नको म्हणून क्रिएटिनिनशी, म्हणजे शरीर लघवीतून बऱ्यापैकी स्थिर गतीने टाकत असलेल्या एका पदार्थाशी, त्याचं गुणोत्तर काढतात. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर या आकड्यावर विसंबता येत नाही, पण एरवी मधुमेह नेमका कुठल्या प्रकारचा हे ठरवायला डॉक्टर ही चाचणी वापरतात.

नमुना बहुधा जेवणानंतर दोन तासांनी घेतात. स्वादुपिंडाला कामाला लावल्यावर ते किती इन्शुलिन काढू शकतं, ते बघायचं असतं. म्हणजे सोळा तास उपाशी राहून कुणी ती करून घ्यायला आला, तर त्याला आधी जेवून यायला सांगतील.