जुन्या डेकमधले विष ‘धुऊन जाते’ का?

अमेरिकेतल्या मराठी घरांत उन्हाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरू लागतो. मागच्या अंगणातला जुना डेक, म्हणजे लाकडी फळ्यांचा ओटा, उखडलात तर लाकूड फेकू नका. वीस-पंचवीस पावसाळ्यांत त्यातले वाळवी-बुरशीचे औषध केव्हाच धुऊन गेलेले असते. ते शेकोटीत जाळा, राख टोमॅटोच्या वाफ्यात घाला, उरलेल्याचा चुरा करून झाडांच्या बुंध्याशी पसरा. कचरागाडीसुद्धा ते साध्या कचऱ्यात नेते, मग भीती कसली, असा त्याचा मथितार्थ. यातली कचरागाडीची गोष्ट बऱ्याच ठिकाणी खरी आहे. बाकीचा सल्ला धोक्याचा आहे.

औषध धुऊन गेले, हा दावा आधी पाहू. २००४ पूर्वी बांधलेल्या बहुतेक डेकांच्या लाकडात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, यांचे मिश्रण दाबाखाली मुरवलेले असते. (हे मिश्रण १९३३ साली आपल्याच डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी शोधले.) त्यातल्या क्रोमियमचे कामच मुळी इतर दोघांना लाकडाच्या तंतूंशी जखडून ठेवण्याचे असते, कारण ते पहिल्याच पावसात वाहून गेले असते तर खांब वाळवीपासून आणि बुरशीपासून वाचलेच नसते. काही अंश झिरपतो, त्यामुळे डेकखालच्या मातीतही सोमल सापडतो. पण मोठा वाटा लाकडातच राहतो. जमिनीपासून वर राहणाऱ्या फळ्यांसाठी एका घनमीटर लाकडात सुमारे ४ किलो औषध मुरवण्याचे प्रमाण होते आणि त्यात निव्वळ आर्सेनिक साधारण ९०० ग्रॅम भरते. या हिशेबाने बारा फुटांच्या एका नेहमीच्या फळीत दहा ग्रॅमहून अधिक आर्सेनिक येते.

या औषधाने लाकडाला हिरवट छटा येते, पण ‘हिरवट रंग गेला म्हणजे औषध गेले’ हेही खरे नाही. रंग उन्हाने उडतो आणि फळी राखाडी दिसू लागते. बांधकामाचे साल हाच त्यापेक्षा भरवशाचा पुरावा आहे, कारण घरगुती वापरासाठी हे लाकूड तयार करणे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस थांबले.

जाळण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. आर्सेनिक हे मूलद्रव्य असल्यामुळे ते जळून नाहीसे होत नाही. त्याचा काही भाग धुरातून नाकातोंडात जातो आणि उरलेला राखेत साठतो. लाकूड जळून मूठभर राख उरते, पण धातू बहुतांशी तेवढेच राहतात, म्हणून ती राख मूळ फळीपेक्षा कितीतरी पटींनी विषारी होते. शिवाय आचेत क्रोमियमचा काही भाग त्याच्या कर्करोगकारक रूपात बदलतो. विस्कॉन्सिनमधले एक आठ जणांचे कुटुंब हिवाळ्यात असलेच लाकूड घरातल्या शेगडीत जाळत होते. अंगावर पुरळ, स्नायूंत गोळे, आईवडिलांचे केस गळणे अशी लक्षणे वर्षामागून वर्षे उमटत राहिली, तेव्हा कुठे कारण उमगले, आणि १९८४ साली हे प्रकरण अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. ती राख वाफ्यात घालणे म्हणजे आपल्याच हाताने भाजीला सोमलाचे खत देणे होय.

२००४ नंतरच्या तांबेयुक्त लाकडात सोमल नसतो, पण तेही जाळू नये.

चुऱ्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर तुकडे जितके बारीक तितका पाण्याला मिळणारा पृष्ठभाग अधिक, आणि झिरपणेही अधिक. तो चुरा कंपोस्टमध्येही घालू नये.

आता कचरागाडी. अमेरिकेच्या संघीय नियमांनी आर्सेनिकयुक्त लाकूड वापरून झाल्यावर टाकणाऱ्याला घातक कचऱ्याच्या कडक तरतुदींतून सूट दिली आहे, आणि ‘साधा कचरा’ म्हणतात तो यामुळेच. ही कायद्यातली सवलत आहे, निर्धोकपणाचा दाखला नव्हे. अस्तर घातलेल्या कचराभूमीत पुरलेली फळी आणि अंगणात जाळलेली फळी यांत फरक आहेच. काही राज्यांचे आणि काउंटींचे (तिथल्या जिल्ह्यांचे) नियम अधिक कडक असल्यामुळे डेक उखडण्याआधी स्थानिक कचरा विभागाला फोन करून, औषध दिलेले लाकूड वेगळे ठेवायचे का आणि किती लांबीचे तुकडे स्वीकारतात, हे विचारून घ्यावे. कापायचे झाल्यास उघड्यावर, खाली ताडपत्री अंथरून, मास्क आणि हातमोजे घालून कापावे, पोरांना लांब ठेवावे, भुसा झाडून न उडवता ताडपत्रीसकट गोळा करून पिशवीत बांधावा आणि अंगावरचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.