परदेशातून : गणित सोडलेल्यांचा वर्ग

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद बरीच गाजली. दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, पण २०च्या वर गुण मिळाले तर मुलाला अकरावीत जाता येईल. फक्त पुढे या विषयांकडे वळता येणार नाही, असा शेरा त्याच्या निकालावर पडेल. २०२१मध्ये अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र सर्वांना सक्तीचं राहणार नाही, असं एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, जाहीर केलं तेव्हाही असाच गदारोळ उठला होता. दर्जा घसरला म्हणणारे एका बाजूला, मुलांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणणारे दुसऱ्या. इंग्लंडमध्ये बसून मी दोन्ही वेळा हे वाचत होते, आणि कुणाला आत घ्यायचं यावर एवढी शाई खर्च होत असताना आत घेतल्यावर त्यांना काय आणि कसं शिकवायचं, यावर जवळपास काहीच लिहिलं जात नव्हतं.

मला याचं विशेष वाटण्याचं कारण माझा धंदा. मी इथल्या एका विद्यापीठात वाक् आणि श्रवणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे आवाजासारख्या संकेतांचं विश्लेषण आणि त्यांच्यावरची प्रक्रिया, शिकवते. ही मुलं पुढे ऑडिऑलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) होतात, स्पीच थेरपिस्ट होतात. आणि त्यातल्या बहुतेकांनी गणित सोळाव्या वर्षी सोडलेलं असतं. इंग्लंडमध्ये ते सहज जमतं: जीसीएसई ही सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा झाली की ए लेव्हलला, म्हणजे पुढच्या दोन वर्षांना, साधारण तीन विषय घ्यायचे, त्यात गणित नको असेल तर नको. जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि इंग्रजी घेऊन आलेली मुलगी हा माझ्या वर्गातला अगदी नेहमीचा नमुना. आपल्याकडे ज्याच्या निकालावर शेरा मारायचा विचार चाललाय, त्याच्याशी तिचं बरंच जुळतं. फरक एवढाच की तिने गणित पास होऊन सोडलंय. म्हणून इथे वाद नाहीत असं मात्र नाही. जीसीएसईला गणितात ठरलेली श्रेणी न मिळालेल्यांना २०१४पासून पुढेही ते शिकत राहावं लागतं, आणि वारंवार नापास होणाऱ्यांचं काय करायचं हा इथला कायमचा घोळ आहे. २०२३मध्ये ऋषी सुनक यांनी अठराव्या वर्षापर्यंत सगळ्यांना गणित शिकवण्याचा मनोदय जाहीर केला, त्यावरही बरंच भांडण झालं. पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि विषय मागे पडला.

तर या मुलांना सिग्नल प्रोसेसिंग कसं शिकवायचं? पाठ्यपुस्तकी क्रम असा की आधी साइन वेव्ह, मग फूरिए (कोणताही आवाज अशा लाटांत मोडायचं गणित), मग फिल्टर, आणि सत्र संपता संपता वेळ उरला तर कान. हा क्रम अभियंत्यांसाठी ठीक असेल. माझ्या वर्गात कान आधी येतो.

पहिल्या तासाला मी एक वाक्य ऐकवते. ते असं केलेलं असतं: आवाजाची खालच्या कंपनसंख्येपासून वरच्यापर्यंतची सबंध पट्टी काही थोड्या भागांत कापायची, प्रत्येक भागातला आवाज क्षणोक्षणी किती चढतो-उतरतो तेवढीच चढउतार घ्यायची, बाकी सगळं फेकून द्यायचं आणि त्या चढउतारीने नुसती खरखर कमीजास्त करायची. एकच पट्टी ठेवली तर काही कळत नाही, नुसता श्वास टाकल्यासारखा आवाज. दोन केल्या तर कुणीतरी बोलतंय एवढं जाणवतं. चार पट्ट्यांना वर्गात माना हलायला लागतात. शांत खोलीत, थोड्या सरावानंतर, चार पट्ट्यांवर बरंचसं बोलणं कळतं, हे १९९५मध्ये सायन्स या नियतकालिकातल्या एका प्रसिद्ध प्रयोगाने दाखवून दिलं. आणि कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे श्रवणनसेला थेट विजेचे संकेत देणारं कानात बसवलेलं यंत्र, लावलेल्या मुलाला जे मिळतं ते साधारण याच जातीचं असतं: वीसेक इलेक्ट्रोड, त्यांवर पट्टीपट्टीची चढउतार, बारीक नक्षी जवळपास काहीच नाही. मग मी त्याच वाक्यामागे गोंगाट मिसळते. चार पट्ट्यांवरचं सगळं कोसळतं. आठ करून बघा, सोळा करून बघा, असं मुलं स्वतःच म्हणायला लागतात.

इथपर्यंत एकही सूत्र आलेलं नसतं. पण प्रश्न सगळे आलेले असतात. पट्टी कापायची कशाने? चढउतार काढायची कशी? दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे? टेलिफोनने ३,४०० हर्ट्झच्या वरचं सोडून दिलं तेव्हा ‘स’चं काय झालं? बँडपास फिल्टर, रेक्टिफिकेशन, लोपास, नायक्विस्ट ही नावं आता उत्तरं म्हणून येतात. बेकेशी या शास्त्रज्ञाला १९६१चं नोबेल ज्यासाठी मिळालं, ती अंतर्कर्णातल्या शंखाच्या आतल्या पडद्यावरून (कानाच्या बाहेरच्या पडद्यावरून नव्हे) सरकणारी लाट सांगितली की कोणत्या कंपनसंख्येला पडद्याची कोणती जागा जास्त हलते हे फिल्टरच्याच भाषेत समजतं, वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता दुसरी बाजू, जिथे माझं इथल्या काही सहकाऱ्यांशीही पटत नाही. ‘मुलांना कल्पना द्या, गणित राहू द्या, सॉफ्टवेअर आहेच’ हे म्हणणं मला मान्य नाही. लॉगरिदम सोडून ऑडिऑलॉजी होत नाही, कारण डेसिबल ही लॉगरिदमची मोजपट्टी आहे. ६० डेसिबलचे दोन पंखे एकत्र लावले तर किती? १२० म्हणणारा हात दरवर्षी वर जातो, उत्तर ६३. जेमतेम ऐकू यायला ४० डेसिबल लागणारा रुग्ण आणि ८० लागणारा रुग्ण यांच्यात दुपटीचा फरक नाही, ध्वनिदाबाच्या हिशेबाने शंभरपटीचा आहे. हे आकड्यांशी झटल्याशिवाय अंगात मुरत नाही, म्हणून मी मुलांना कागदावर करायला लावते. कुरकूर होते. होऊ दे.

सॉफ्टवेअरचंही तसंच. प्रात हा आवाजाचं विश्लेषण करणारा मोफत प्रोग्रॅम ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झाला आणि जगभर वापरला जातो. फॉरमंट, म्हणजे घसा-तोंडाच्या पोकळीमुळे स्वरात ठळक होणाऱ्या कंपनसंख्या, शोधताना तो आपणहून ५,५०० हर्ट्झची वरची मर्यादा धरून चालतो, कारण ती प्रौढ स्त्रीच्या आवाजाला सोयीची आहे. प्रौढ पुरुषासाठी ती ५,०००वर आणावी लागते. लहान मुलासाठी बरीच वर न्यावी लागते, कारण त्याची स्वरनलिका, म्हणजे घशापासून ओठांपर्यंतची नळी, आखूड. ज्याला हे ठाऊक नाही तो तीन वर्षांच्या मुलाचा आवाज तसाच घालतो आणि प्रोग्रॅम बिनतक्रार आकडे देतो, दशांशासकट. त्या आकड्यांवरून कुणीतरी मुलाच्या उच्चारांबद्दल अहवाल लिहितं. आपल्याकडे सध्या प्रत्येक अभ्यासक्रमाला एआयची शेपटी लावायची जी घाई चाललीय, तिला माझा विरोध एवढाच: यंत्राने दिलेला आकडा खोटा असू शकतो हे ओळखण्याइतकं ज्ञान आधी द्या, मग शेपटी लावा.

इथलं सगळं आदर्श आहे असं चित्र रंगवायचा मोह परदेशातल्या मराठी माणसाला होतो, म्हणून हेही सांगते. आमच्याकडे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचे तास वाढले की वेळापत्रकात पहिली कात्री ध्वनिशास्त्राला लागते. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी देशभरच्या पाहणीत अभ्यासक्रमाबद्दल मत देतात, त्यावर विद्यापीठांची क्रमवारी हलते, आणि अवघड विषय शिकवणाऱ्याला ‘जरा सोपं करा’ असं हळूच सुचवलं जातं.

आणि एका बाबतीत आपली मुलं माझ्या वर्गापेक्षा पुढे आहेत, हे आपल्याकडच्या वादात कुणीच बोलत नाही. आपल्याकडे बीएएसएलपी या वाक् आणि श्रवणशास्त्राच्या पदवीला येणाऱ्या मुलांनी बारावीला भौतिकशास्त्र केलेलं असतं. एका टोकाला बंद असलेल्या नळीतल्या हवास्तंभाची कंपनं त्यांनी परीक्षेत सोडवलेली असतात. नळी १७ सेंटीमीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर. उत्तर ५००, १,५००, २,५०० हर्ट्झ. तीन गुण. ही नळी म्हणजे प्रौढ पुरुषाचा घसा आणि तोंड, स्वरयंत्राशी बंद आणि ओठांशी उघडी, आणि हे तीन आकडे म्हणजे जीभ सैल सोडून काढलेल्या स्वराचे पहिले तीन फॉरमंट, हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. माझ्या विद्यार्थ्यांना मला ही नळी शून्यापासून शिकवावी लागते. त्यांच्याकडे ती आहेच, फक्त उत्तरपत्रिकेत अडकून पडलीय.

शिवाय भाषा. लिस्कर आणि अब्रॅमसन या संशोधकांनी १९६४मध्ये अकरा भाषांतली स्पर्शव्यंजनं (क, ग, त, प यांसारखी) मोजली. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून स्वरतंतू कंप पावू लागेपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांचं माप. त्या अकरांत मराठी होती. क आणि ख या मापाने छान वेगळे पडतात. ग आणि घ पडत नाहीत, कारण घ मधला महाप्राण नंतरच्या स्वरात सांडतो आणि तो मोजायला दुसरं माप लागतं. इंग्रजीत असला प्रश्नच उद्भवत नाही. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतले च स्पेक्ट्रोग्रॅमवर, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे ते दाखवणाऱ्या चित्रावर, ठेवले की दुसऱ्यातलं घर्षण वरच्या पट्टीत सरकलेलं दिसतं, आणि उच्च कंपनसंख्या ऐकू न येणाऱ्या मुलाला तो च का जड जाईल याचा अंदाज येतो. मराठी वर्गातल्या कोणत्याही मुलाने हे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून तासाभरात करावं. मला इथे त्यासाठी मराठी बोलणारं माणूस शोधावं लागतं, म्हणजे बहुतेक वेळा स्वतःचाच आवाज वापरावा लागतो.

अडतंय ते शिकवणाऱ्यापाशी. भारतात शिकवणाऱ्या ओळखीच्यांकडून ऐकते की सिग्नल प्रोसेसिंगचा हा पेपर पुष्कळदा बाहेरून आलेले अभियांत्रिकीचे प्राध्यापक घेतात, झेड ट्रान्सफॉर्मसारख्या अभियंत्यांच्या गणितापासून सुरुवात करतात आणि मुलं गाइड शोधतात. नाहीतर विभागातलंच कुणीतरी घेतं, ज्याला स्वतःला तो विद्यार्थी असताना असाच शिकवला गेला होता. श्रवणयंत्रातलं दोनास एक कॉम्प्रेशन म्हणजे आत दहा डेसिबल वाढले तर बाहेर पाच, हे दोघांनाही माहीत असतं. पण पहिल्याला ते वृद्ध रुग्णाला का लागतं ते सांगता येत नाही आणि दुसऱ्याला ते शब्दांचं काय करतं ते दाखवता येत नाही. वांद्र्याला श्रवण-वाक् विकलांगतेची राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहे, आणि त्याच शहरात पवईला आयआयटीत बोलण्याच्या ध्वनिसंकेतांवर कित्येक वर्षं काम चालतं. दोन्हीकडचा एकेक शिक्षक एकाच वर्गात, एकाच तासाला उभा राहील असा एक पेपर आखायला कुठलाही नवा आराखडा लागत नाही. दोन विभागप्रमुखांच्या सह्या आणि वेळापत्रकातली सलग दोन तासांची जागा पुरते.