मावशीचा आवाज कोणाच्या मालकीचा?

मृग लागायच्या सुमारास वडशाजवळच्या आमच्या गावच्या ग्रुपवर एक ऑडिओ फिरत होता, धानाच्या बियाण्याच्या एका दुकानाची जाहिरात, आणि गाणारा आवाज आमच्या मावशीचा. मावशी म्हणजे झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, नाटकात वीसेक वर्षं गाणारी बाई, दिवाळीनंतर कापणी आटोपली की कंपनीसोबत गावोगाव, रात्री पडदा उघडला की पार पहाटेपर्यंत. मी इकडे नॅशव्हिलमधे, लगेच फोन लावला. तर म्हणे, "मी नाही गायली रे बापा, पण आवाज तं माझाच आहे, वरच्या सुराच्या आधी मी दम घेतो ना, तोपण माझाच."

लोकांनी मोबाईलवर शूट केलेले तिचे कितीतरी प्रयोग यूट्यूबवर पडलेत, त्यातूनच कोणीतरी एआयने आवाज उचलला असणार. ग्रुपवर अर्धे म्हणाले बरंच झालं, फुकटात नाव झालं. मला नाही पटत. कारण पुढं ते बियाणं नीट उगवलं नाही आणि पऱ्हे (धानाची रोपं) विरळ पडलेले लोक मावशीच्या दारात, "तुम्हीच तं सांगितलं होतं जी!"

मुंबई हायकोर्टानं जुलै २०२४ मधे अरिजित सिंगच्या आवाजाला संरक्षण दिलं, २०२५ मधे आशाताईंच्या. चांगलंच झालं. पण हे आदेश मिळतात ते नाव मोठं आहे, त्या नावाला बाजारात किंमत आहे या आधारावर. वडशाच्या बाहेर मावशीला कोण ओळखतं?

मी राहतो त्या टेनेसीत २१ मार्च २०२४ ला गव्हर्नर बिल ली यांनी इथल्याच एका गाण्याच्या बारमधे बसून एल्विस अॅक्टवर सही केली, १ जुलैपासून तो लागू आहे. त्यात आवाज ही प्रत्येक माणसाची मालमत्ता आहे, फक्त स्टारची नाही, आणि हुबेहूब नक्कलसुद्धा त्यात येते. म्हणून इथं सगळं छान आहे असं नाही, गायकाच्या वतीनं त्याची रेकॉर्ड कंपनी दावा करू शकते, पण बकेट समोर ठेवून टिपवर गाणाऱ्या पोरीला कुठली कंपनी, वकील तिलाही महागच. तरी निदान तिचा हक्क कागदावर आहे.

आणि आपला कायदा काही मागास नव्हता हो! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ ला कलाकारांचे हक्क आले तेव्हा व्याख्येत गायक-नटांसोबत कसरतवाले, जादूगार, चक्क गारुडीसुद्धा घातले. म्हणजे जत्रेतल्या माणसाचा विचार झाला होता. परवानगीशिवाय प्रयोग रेकॉर्ड करून विकला तर मावशीला आजही बोलता येतं, पण मशीननं तिच्या आवाजात नवीनच गाणं बनवलं तर ते तिच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग नाही, आणि तिथंच ती उघडी पडते. याच कायद्यात आवाजाची नक्कल घालावी, प्रसिद्धीची अट न ठेवता. झाडीपट्टीचे नट परशुराम खुण्यांना २०२३ मधे पद्मश्री देऊन सरकारनं झाडीपट्टीचा मान केला, आता ज्यांना पद्मश्री मिळणार नाही त्यांच्या गळ्याचंही बघा ना.

नागपूर खंडपीठात केस टाकायची तर मावशीच्या किती नाइटचे पैसे जातील, म्हणून सध्या एवढंच केलं, कंपनीच्या करारात घालायला दोन ओळी मराठीत टाइप करून पाठवल्या, की मला विचारल्याशिवाय माझा आवाज कुठल्याही मशीनला देऊ नये. मालकाला दाखवतो म्हणाली, दिवाळीच्या आधी, करार व्हायच्या वेळी.