बेल्जियमने काँगोला काय काय 'दिलं'

आमच्या मामांनी ग्रुपवर टाकलेला एक फॉरवर्ड मी तीनदा न वाचता पुढे सरकवला. चौथ्यांदा तो थेट भाचीच्या वहीत सापडला. आठवीतली पोर, वक्तृत्व स्पर्धेची तयारी, आणि सुबक अक्षरात: 'बेल्जियमने काँगोला रेल्वे, रस्ते, दवाखाने दिले. स्वातंत्र्य मिळताच तिथल्या लोकांनी सगळ्याची वाट लावली.' शेवटी मामांच्या पिढीचं लाडकं पालुपद, की इंग्रज आणखी पन्नास वर्षं राहायला हवे होते. म्हटलं, आता त्या फॉरवर्डमधल्या एकेका दाव्यावर लिहायलाच हवं.

'गोरे येण्यापूर्वी तिथे राज्य नव्हतं, इतिहास नव्हता.' यावर फार वेळ घालवत नाही. १५२६ साली काँगोचा राजा अफोन्सो पोर्तुगालच्या राजाला, तिसऱ्या दोम जुआंवला, चक्क पोर्तुगीजमध्ये तक्रारीचं पत्र लिहीत होता: तुमचे व्यापारी रोज आमची माणसं पळवतात, सरदारांची मुलं आणि आमचे नातेवाईकसुद्धा. (याच दोम जुआंवच्या नावाने तेव्हा गोव्याचा कारभार चालायचा.) 'आफ्रिकनांनीच आफ्रिकन विकले' हे मात्र अर्धं खरं आहे. अफोन्सोच्या राज्यातही युद्धकैदी विकले जात. पण विकत घेणारे आणि जहाजं आणणारे कोण, हे फॉरवर्ड लिहिणारा सोयीस्कर विसरतो.

'हात तोडल्याच्या कहाण्या डाव्यांनी रचल्या.' इथे माझं डोकं फिरलं.

१८८५ ते १९०८ काँगो बेल्जियम देशाचा नव्हताच. तो दुसऱ्या लिओपोल्ड राजाची खाजगी जहागीर होता, आणि हा गृहस्थ तिथे एकदाही गेला नाही. गावागावाला रबराचा कोटा ठरलेला. कमी भरला की बायकांना ओलीस धरायचं, तरी नाही भागलं की गोळ्या. शिपायांना काडतुसं मोजून मिळत. ती शिकारीत उडवली नाहीत याचा पुरावा म्हणून मेलेल्याचा उजवा हात आणून दाखवायचा. मग ज्याने शिकार केली असेल तो जिवंत माणसाचा हात कापून हिशेब जुळवायचा. साहेबापर्यंत पोचेतो सडू नयेत म्हणून हात धुरावर धरत. १९०४ साली ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईंनी काढलेला एक फोटो आहे. न्साला नावाचा माणूस ओट्याच्या कडेला बसलाय, समोर एक लहानसा हात आणि पाऊल. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचं तेवढंच उरलं होतं. तो नुसता बघत बसलाय.

आणि डावे कोण? त्याच वर्षी अहवाल देणारा रॉजर केसमेंट ब्रिटिश सरकारचा वाणिज्यदूत म्हणून तिथे नेमलेला होता. बरं, तो परका म्हणून सोडा. लिओपोल्डने स्वतः चौकशी समिती नेमली: एक बेल्जियन, एक इटालियन, एक स्विस. आपल्याच माणसांकडून क्लीन चिट मिळेल असा हिशेब असणार. १९०५ साली त्यांचाही अहवाल आला आणि मुख्य आरोप खरे ठरले. यापुढे मला दुसरा पुरावा देण्याची गरज वाटत नाही. 'एक कोटी मेले' हा आकडा अंदाजाचा आहे, हे मान्य. जनगणनाच नव्हती. पण १९०८ मध्ये देश बेल्जियमच्या हवाली करताना राजाने काँगोची कागदपत्रं जाळून टाकली. ब्रसेल्सच्या भट्ट्या आठवडाभर धगधगत होत्या. लपवायला काही नसतं तर एवढं सरपण कशाला?

रेल्वे. मातादी बंदर ते लिओपोल्डव्हिल (आजचं किन्शासा), १८९८ साली पूर्ण. नदीवर धबधबे असल्यामुळे तिथे बोट चालत नाही, म्हणून हस्तिदंत आणि रबर बंदरापर्यंत आणायला रूळ टाकले. चोराने माल न्यायला जिना बांधला, त्याचे आभार मानायचे?

'१९६० मध्ये चालता देश हातात दिला.' एवढ्या मोठ्या देशात पदवीधर तीसही नव्हते. सैन्यात काँगोचा एकही अधिकारी नव्हता. ३० जूनला स्वातंत्र्य. पुढच्याच आठवड्यात बेल्जियन सेनापतीने फळ्यावर लिहिलं, 'स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर', आणि सैनिक बिथरले. ११ जुलैला तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत बेल्जियमच्या पाठिंब्याने फुटून निघाला. निवडून आलेला पंतप्रधान लुमुम्बा जानेवारी १९६१ मध्ये मारला गेला, प्रेत ॲसिडमध्ये विरघळवलं. एका बेल्जियन पोलिसाने जपून ठेवलेला त्याचा दात कुटुंबाला परत मिळाला तो २०२२ मध्ये! याच कटांग्यात संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत लढताना आपले कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. देशभक्तीचे रोज दोन फॉरवर्ड पाठवणाऱ्या मामांना हे माहीत नव्हतं.

पुढे काँगोचा हुकूमशहा झालेला मोबुटू चोर होता, हो. बत्तीस वर्षं लुटलं, जंगलातल्या गावात कॉन्कॉर्ड उतरेल एवढी धावपट्टी बांधली. ते मी कशाला नाकारू? पण नाणेनिधीनेच पाठवलेल्या एर्विन ब्लूमेंथाल या जर्मन बँकरने १९८२ मध्ये लेखी कळवलं होतं की या माणसाला दिलेला पैसा परत येणार नाही. तरी कर्ज चालूच राहिलं, कारण शीतयुद्धात पाश्चात्त्य देशांसाठी तो 'आपला' होता.

राहिला 'त्यांना राज्यच करता येत नाही' हा मुद्दा. आफ्रिकेतलाच बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तिथे डांबरी रस्ता होता जेमतेम १२ किलोमीटर. वर्षभराने हिरे सापडले, आणि त्यातून शाळा, दवाखाने उभे राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष निवडणूक हरला. राष्ट्राध्यक्ष मसिसींनी मोजणी पूर्ण संपायच्या आतच पराभव मान्य केला.

भाचीने वहीतलं जुनं पान फाडलेलं नाही. 'आजोबांना दाखवायचंय,' म्हणाली.