आठ मिलिमीटरच्या मेसेजला माझं उत्तर

गडहिंग्लजकडच्या एक मावशी सुनेला घेऊन राजारामपुरीतल्या माझ्या लॅबमध्ये आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत मावशींच्या ऑपरेशनचा घडी घातलेला रिपोर्ट, आणि त्यातल्या '५ मिमी'भोवती लाल पेनानं केलेला गोल. सुनेच्या मोबाइलवर सध्या बऱ्याच जणींकडे फिरणारा मेसेज उघडा होता: "योनीमुखाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये मार्जिन ८ मिलिमीटरपेक्षा कमी आलं तर कॅन्सर परत येणारच. लगेच दुसरं ऑपरेशन करून सगळा भाग काढून घ्या. ८ च्या वर असेल तर निर्धास्त राहा."

मावशींनी एवढंच विचारलं, "मॅडम, आणि एकदा कापायचं काय हो?"

हे मार्जिन मीच मोजते, म्हणून आधी ते काय असतं ते सांगते. काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये येतो. त्याच्या कडांना शाई लावायची, पातळ काप करायचे आणि मायक्रोस्कोपखाली गाठीच्या शेवटच्या पेशीपासून शाईपर्यंतचं अंतर मोजायचं. फॉर्मेलिनमध्ये कातडी आक्रसते. सर्जननं सेंटिमीटरभर चांगली कातडी घेतली तरी माझ्याकडे ती आठेक मिलिमीटरच भरते. आकडा लहान दिसला म्हणजे ऑपरेशन नीट झालं नाही, असं नाही.

आता 'परत येणारच' हे बघू. १९९० साली अमेरिकेत १३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातूनच हा ८ चा आकडा रूढ झाला. ८ किंवा जास्त मार्जिन असलेल्या ९१ जणींपैकी एकीलाही गाठ त्या जागी परत आली नाही. कमी असलेल्या ४४ पैकी २१ जणींना आली. म्हणजे उरलेल्या २३ जणींना आली नाही, आणि नेमकं हेच मेसेजमध्ये नाही. पुढे २०१६ साली जर्मनीतून २८९ जणींचे आकडे आले. या सगळ्यांच्या जांघेतल्या लसिका ग्रंथी (सगळ्यांनाच असतात त्या, कॅन्सरची गाठ नव्हे) आजारापासून मोकळ्या होत्या. ८ पेक्षा कमी मार्जिन असलेल्यांत योनीमुखावर परत गाठ आली १२.६ टक्क्यांना, ८ किंवा जास्त असलेल्यांत १०.२ टक्क्यांना. एवढ्या फरकावर कुणी 'येणारच' म्हणू नये.

'सगळा भाग काढून घ्या' हे वाचून मात्र मला रागच आला. पूर्वी योनीमुखाच्या दोन्ही बाजू आणि जांघेतल्या ग्रंथी एकाच मोठ्या कापात काढत. जखमा उसवायच्या, पाय कायमचे सुजायचे. म्हणून तर गाठीपुरतं कापायचं आणि जांघेला वेगळा छेद द्यायचा, ही पद्धत आली. लघवीची जागा आणि गुदद्वार इथून बोटभर अंतरावर असतात. चार मिलिमीटर जास्त घेण्यापायी बाईला लघवी सरळ होईना, भांगलणीला उकिडवं बसता येईना, तर ती किंमत तिनंच आयुष्यभर मोजायची. शाई लागलेल्या कडेवरच कॅन्सरच्या पेशी दिसल्या, तर गोष्ट वेगळी. तिथं परत थोडं कापायचं की रेडिएशन द्यायचं, हे ठरवावंच लागतं. मावशींची कड मोकळी होती. जिवाच्या दृष्टीनं जास्त मोलाची गोष्ट म्हणजे जांघेतल्या ग्रंथी. तिथं आजार उलटला तर तो आवरणं फार अवघड जातं. मावशींच्या त्या ग्रंथीही तपासून झालेल्या होत्या.

आणि 'निर्धास्त राहा'? मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या अभ्यासात दहा वर्षांत शंभरातल्या चाळिसाहून जास्त जणींना त्या भागात परत गाठ आली, आणि मार्जिन किती मिलिमीटर होतं याचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो कडेच्या कातडीशी: तिथं लायकेन स्क्लेरोसस आणि त्यावर उठणारे कॅन्सरपूर्व बदल असतील तर धोका वाढत होता. लायकेन म्हणजे ते पांढरे चट्टे, रात्रीची खाज, कागदासारखी पातळ झालेली कातडी. आपल्याकडे बायका त्याला कोड समजतात, नायटा समजतात, लाजेनं वर्षानुवर्षं कुणाला दाखवत नाहीत. गाठ काढली तरी ती कातडी मागं राहते, आणि पुष्कळदा नवी गाठ तिच्यावरच उठते. म्हणून मार्जिन कितीही आलेलं असो, पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढं वर्षातून एकदा तरी दाखवायचं. मधल्या काळात घरी आरसा धरून आपण बघायचं. तिथली गाठ लवकर सापडली तर पुष्कळदा छोट्या ऑपरेशननं निघते.

मावशींच्या रिपोर्टमध्ये '५ मिमी'च्या खालच्याच ओळीत लिहिलं होतं: कडेच्या कातडीत लायकेन स्क्लेरोसस. लाल गोल तिथं हवा होता. सुनेच्या पेनानं मी तो केला आणि ही ओळ सर्जनना दाखवा, स्टिरॉइड मलमाचं विचारा, असं सांगितलं. ऑस्ट्रेलियात २०१५ साली, आधी कॅन्सर न झालेल्या ५०७ लायकेनच्या रुग्णांचे आकडे आले होते. नियमित मलम लावणाऱ्यांत एकीलाही कॅन्सर झाला नाही. टाळाटाळ करणाऱ्यांत ४.७ टक्क्यांना कॅन्सर किंवा त्याआधीचे बदल झाले.

"किती दिवस लावायचं?" सुनेनं विचारलं.

"बहुतेक कायमचं," मी म्हटलं. "खाज थांबली तरी."