बूट फाटला म्हणून अख्खा एक्सल कशाला बदलताय?

गेला पावसाळा संपल्यापासून गाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय, माझ्याकडेच चार ठिकाणांहून आला. त्यात म्हटलंय की एक्सलचा (गिअरबॉक्सकडून चाकाला ताकद देणारा दांडा) रबरी बूट, म्हणजे त्याच्या सांध्यावरचं घड्यांचं आवरण, फाटला तर टेन्शन घेऊ नका, टकटक आवाज येईपर्यंत गाडी बिनधास्त चालवा, आवाज आला की डायरेक्ट अख्खा एक्सल बदला, नुसता बूट बदलणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि तोवर ट्यूबचा तुकडा गुंडाळून टाय मारा नि आत मिळेल ते ग्रीस भरा. वाचायला सोपं वाटतं म्हणून लोक पुढे ढकलतायत. पण यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे आणि यापायी काही शे रुपयांत होणारं काम लोक काही हजारांवर नेऊन ठेवतायत, म्हणून सविस्तर लिहितोय.

"आवाज येईपर्यंत चालवा" हे त्यातलं सगळ्यात घातक. पुढच्या चाकांना पॉवर देणाऱ्या गाडीत चाक फिरायलाही पाहिजे आणि स्टिअरिंगबरोबर वळायलाही पाहिजे, त्यासाठी चाकाच्या बाजूला जो सीव्ही जॉइंट (वाकूनही एकसारख्या वेगाने फिरणारा सांधा) असतो त्यात साधारणपणे सहा पोलादी गोळ्या खाचांमधून सरकत असतात. ही रचना अमेरिकेतल्या रझेपा नावाच्या इंजिनिअरने 1920 च्या दशकात केली, आजही बहुतेक गाड्यांत तीच आहे, आणि स्टिअरिंग पूर्ण तोडलं (शेवटपर्यंत वळवलं) की हा जॉइंट चाळीस-पंचेचाळीस अंशापर्यंत वाकून ताकद पोचवतो. आता एवढं काम करणाऱ्या जॉइंटला बाहेरून ऑइल मिळत नाही, ग्रीस मारायला निपलही नसतं, कंपनीत जे ग्रीस बुटात भरलं तेवढ्यावरच त्याचं सगळं आयुष्य. बूट चिरला की फिरताना ते ग्रीस बाहेर उडतं आणि त्याच फटीतून चिखल, पाणी, बारीक रेती आत जाते. उरलेलं ग्रीस आणि रेती मिळून व्हॉल्व्ह घासायला वापरतात तशी पेस्ट तयार होते आणि ती गोळ्या नि खाचा खात बसते. टकटक ऐकू येते ती खाचा खाल्ल्या गेल्यावर. म्हणजे आवाजाची वाट बघणं म्हणजे जॉइंट खराब व्हायची वाट बघणं, दुसरं काही नाही.

माझ्याच जुन्या हॅचबॅकचं सांगतो. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने आलो, गाडी धुताना डाव्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फटकारे दिसले, बोटाएवढे जाड, गोल फिरलेले. एका गॅरेजवाल्याला दाखवलं, तो म्हणाला आवाज नाही ना, मग राहू द्या साहेब, आणि मीही राहू दिलं. दोन महिन्यांनी सोसायटीच्या गेटातून वळताना कट कट कट सुरू. जॉइंट खोलल्यावर खाचेत नख फिरवलं तर नख अडकत होतं, एवढे खड्डे. तो जॉइंट गेलाच. पुढच्या वर्षी उजवीकडचा बूट चिरलेला दिसला तेव्हा मात्र त्याच आठवड्यात बदलला, आतलं ग्रीस लोण्यासारखं मऊ होतं, आणि तो जॉइंट अजून गप चालतोय.

आता "नुसता बूट बदलून उपयोग नाही" याबद्दल. हा सल्ला बहुतेक अमेरिकेतल्या व्हिडिओंवरून उचललेला आहे. तिकडे मजुरी प्रचंड आणि दुरुस्त केलेले तयार एक्सल दुकानात सहज मिळतात, त्यामुळे तासभर बूट बदलत बसण्यापेक्षा अख्खा एक्सल टाकणं त्यांना परवडतं. आपल्याकडे हिशोब उलटा आहे, मजुरी त्या मानाने कमी आणि चांगला एक्सल महाग, आणि स्वस्तातला लोकल एक्सल टाकला तर तुमचा मूळचा चांगला जॉइंट फेकून त्याहून कमी दर्जाचा बसवला असंही होऊ शकतं. म्हणून आधी जॉइंट उघडून बघायचा, मग ठरवायचं. मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा, आतलं ग्रीस दोन बोटांत चोळा, रवा चोळल्यासारखं कचकच लागलं तर रेती गेलीये. मग सगळं पुसून, धुऊन, पूर्ण सुकवून, टॉर्च मारून गोळ्या आणि खाचा बघायच्या. गुळगुळीत असतील आणि जॉइंटमध्ये खेळ (ढिलेपणा) नसेल तर नवीन बूट, नवीन ग्रीस, नवीन क्लिपा, बास.

एक गोष्ट गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळते की बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा, बूट निघतच नाही, एक्सलच घ्यावा लागेल. बऱ्याच मारुती गाड्यांत चाकाकडचा जॉइंट शाफ्टवरून सुटत नाही हे खरंय, पण बूट सुटत नाही असं नाही ना! गिअरबॉक्सकडचा जॉइंट खोलायचा आणि बाहेरचा बूट त्या टोकाने सरकवत न्यायचा. काम वाढतं, मान्य, पण होतं, आणि आतला (गिअरबॉक्सकडचा) बूट तसाही निघालेला असतो तर तोही त्याच वेळी बदलून घ्यावा. (आपल्याकडे बहुतेकांचा या बुटाशी संबंध 1983 ला मारुती 800 आल्यावरच आला, पद्मिनी-अँबॅसिडरची मागची चाकं ओढायची आणि सरळ एक्सलला असले बूट नव्हतेच.)

ट्यूब गुंडाळणं आणि फेविक्विक लावणं, याबद्दल फार लिहायची गरज नाही. बूट चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दुमडतो आणि उलगडतो, ग्रीस लागलेल्या रबराला काही चिकटत नाही, ती पट्टी दोन दिवसांत सरकते. उभी चीर असलेले, वरून चिकटवायचे बूट मिळतात, ते अडल्या वेळी घरी पोचायला ठीक. आणि प्लॅस्टिक टाय तर नकोच, कान असलेली लोखंडी क्लिप पकडीने नीट दाबूनच बसवायची. त्याआधी बुटाच्या तोंडात बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून आतली हवा सारखी करून घ्यायची, नाहीतर घड्या आत ओढल्या जातात आणि नवा बूटही लवकर फाटतो.

ग्रीसचं म्हणाल तर किटमध्ये जे पाकीट येतं तेच वापरा, पूर्ण वापरा. बाहेरच्या जॉइंटचं ग्रीस मॉलिब्डेनमवालं काळं असतं, कारण तिथे गोळी आणि खाचेत दाब फार येतो. व्हील बेअरिंगचं ग्रीस त्यासाठी बनलेलंच नाही. काही किटमध्ये आत-बाहेरची दोन वेगळी पाकिटं असतात, ती मिसळू नका.

एका बाबतीत मेसेज बराचसा बरोबर आहे. टकटक सुरू झालेली असेल तर नवा बूट टाकून काही होत नाही, तिथे जॉइंट किंवा एक्सल बदलावाच लागतो. पण बऱ्याच गाड्यांना बाहेरचा जॉइंट सुटा मिळतो, तो आधी विचारा. आणि वळताना टकटक नाही पण पिकअप घेताना गाडी थरथरतेय असं असेल तर गिअरबॉक्सकडचा जॉइंट तपासा. एक्सल काढला की गिअरबॉक्सचं ऑइल थोडं सांडतंच, तेवढं भरून घ्यायचं आणि हब नट (चाकाच्या मध्यभागी एक्सल धरून ठेवणारा) नवीन टाकायचा, एक्सल काढल्याने गिअरबॉक्स खराब होतो वगैरे काही नाही.

पावसाळ्याआधी एवढं करा. गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण तोडा, इंजिन बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च चाकामागे धरून बुटाची प्रत्येक घडी बघा, मग दुसऱ्या बाजूला. चीर घडीच्या तळाशी असते, स्टिअरिंग सरळ असताना ती मिटलेली असते त्यामुळे दिसत नाही.