माणशी दीड डॉलर

माझा मावसभाऊ ऐरोलीत एका कंपनीत एचआर बघतो. परवा त्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठणकावून लिहिलं, "अमेरिकाच त्या भेदभाववाल्या कचेरीचे पैसे कापतेय आणि आपल्याकडे लोकांना तसलाच आयोग हवाय. आधी घोडबंदर रोडचे खड्डे बुजवा." खाली धडाधड अंगठे. त्यात माझ्या सख्ख्या काकांचाही. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

ती कचेरी म्हणजे ईईओसी, समान रोजगार संधी आयोग. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने तो नेमला आणि १९६५ मध्ये त्याचं काम सुरू झालं. रंग, धर्म, लिंग, वय, अपंगत्व यांवरून नोकरीत कुणी डावललं तर तिथे तक्रार करायला पैसे पडत नाहीत. २०२४ च्या आर्थिक वर्षात आयोगाला ४५.५ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे अमेरिकेत माणशी दीड डॉलरसुद्धा नाही. त्याच वर्षात ८८ हजारांवर नव्या तक्रारी आल्या आणि आयोगाने कामगारांना जवळजवळ ७० कोटी डॉलर मिळवून दिले. २०२६ साठी दोनेक कोटींची कपात सुचवली गेली, हे दादाचं खरं आहे. पण शेजाऱ्याने औषध कमी केलं म्हणून आपण डॉक्टरच ठेवायचा नाही, हा कुठला न्याय?

इथे अमेरिकेत आमच्या वेअरहाउसमध्ये पॅकिंगला एक इक्वेडोरची मुलगी होती. सातव्या महिन्यात तिने बसायला स्टूल मागितलं. सुपरवायझर नाही म्हणाला आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या शिफ्ट कमी झाल्या. २०२३ पासून गरोदर बाईला अशी सोय द्यावी लागते, पण हे सुपरवायझरला सांगणार कोण? लंच ब्रेकमध्ये माझ्या गाडीत बसून तिने आयोगाला इंटेक इंटरव्ह्यू (तक्रार नोंदवण्याआधीची मुलाखत) दिला. फोन स्पीकरवर, मध्ये दुभाषी. पलीकडचा अधिकारी जराही घाई करत नव्हता. स्टूल कधी मागितलं? तोंडी की लिहून? जवळ कोण उभं होतं? दुसऱ्या कुणाला बसायला दिलं होतं का? ती आधी हुंदके देत होती, तिसऱ्या प्रश्नापासून नीट तारखा सांगायला लागली. तिचं म्हणणं कुणीतरी पहिल्यांदाच लिहून घेत होतं. पुढे मात्र बाळ रांगायला लागलं तरी चौकशी संपली नव्हती. अधिकारी मोजके, फायलींचा ढीग. पैसे कापले की नेमकं हेच वाढतं.

आता आपल्याकडे. माझी भाची महापेला मुलाखतीला गेली होती. पहिला प्रश्न, लग्न ठरलंय का? दुसरा, मूल लगेच हवंय का? मग "कळवतो", आणि नंतर काही कळवलंच नाही. भरतीत बाईला बाई म्हणून डावलू नये, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातच होतं आणि आता ते २०१९ च्या वेतन संहितेत आलंय. कायदा आहेच. पण भाचीने जायचं कुठे? तिचं म्हणणं तासभर ऐकून घेणारा पगारी माणूस ठाण्यात कुठल्या टेबलाशी बसतो? लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात जिल्हा पातळीवर स्थानिक समिती ठेवली आहे, सदस्यांच्या भत्त्यासाठी केंद्राने अनुदान देण्याची तरतूदही आहे. ठाण्यात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी विचारलं. अशी समिती असते हेच एकीलाही माहीत नव्हतं. २००६ मध्ये मुस्लिम समाजाची स्थिती तपासणाऱ्या सच्चर समितीने समान संधी आयोग सुचवला, २००८ मध्ये कायदेतज्ज्ञ माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने विधेयकाचा मसुदाही दिला. तो आयोग अजून झालेला नाही.

"तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस," असं दादा म्हणाला. शिकवणार. मी नौपाड्यात वाढले, ठाणे माझंही आहे. आणि खरं सांगते, तिथे मला असल्या कचेरीची गरज कधी पडलीच नसती. आडनाव सांगितलं की भाड्याने घर मिळायचं आणि पहिली नोकरी बाबांच्या ओळखीने लागली. मला ते आपलेपण वाटायचं. इथे आल्यावर मीटिंगमध्ये माझं वाक्य पुरं व्हायच्या आत लोक मान वळवायला लागले, तेव्हा ओळख नसलेल्या माणसाचं काय होतं ते अंगाला लागलं. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या अशाच एका सरकारी खात्याने एका बड्या कंपनीवर खटला भरला. आरोप असा की भारतीय वरिष्ठांनी दलित इंजिनिअरला जातीवरून त्रास दिला. पुढे त्या दोन वरिष्ठांवरचे आरोप खात्याने मागे घेतले, पण बातमी आली त्या दिवशी आमच्या मराठी मंडळात सगळे गप्प होते. मीही. त्या खोलीत माझी गणना कुणात होते, ते मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून दादा, खड्डे बुजवायलाच हवेत, त्याच पालिकेला मीही शिव्या घालते. पण तू एचआरचा माणूस आहेस, निदान तुझ्या हातातलं तरी कर. तुमच्या अर्जात "वैवाहिक स्थिती" आणि "वडिलांचा व्यवसाय" हे रकाने अजून आहेत का? असतील तर सोमवारी काढून टाक आणि तसं ग्रुपवर लिही.